खाऱ्या वाऱ्यातले घर आणि शिगेवरचे पावणेदोन इंच

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

"आमचे घर दापोली तालुक्यात, पुळणीपासून साधारण दोनशे पावलांवर आहे. मध्ये माडांची बाग आणि एक गडगा, एवढाच आडोसा. जुने घर चिऱ्याचे आणि कौलारू होते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याचे अर्धे छप्पर गेले आणि तेव्हापासून सासूबाई मागच्या दोन खोल्यांतच राहतात. मी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले असून आम्ही दोघांनीही आता कायमचे गावी राहायला जायचे ठरवले आहे. येत्या दिवाळीनंतर नवे, स्लॅबचे घर बांधायला घ्यायचे आहे. पण शेजारचे घर पाहून धीर होत नाही. पंधरा वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या घराच्या पडवीच्या स्लॅबचा खालचा थर गळून पडला आहे आणि आतल्या शिगांचे पापुद्रे सुटलेले दिसतात. आमच्या मागच्या न्हाणीघराचा स्लॅब २००६ च्या सुमाराचा आहे. त्याचाही एक तुकडा गेल्या महिन्यात खाली पडला. आमचे ठेकेदार म्हणतात की एकास दीड, तीन (सिमेंट, वाळू, खडी) हे प्रमाण सगळीकडे चालते. कोटिंग केलेल्या शिगा घ्या, सिमेंटात वॉटरप्रूफिंगची पावडर टाका, म्हणजे काळजी नको. रेती खाडीची मिळते. पाणी आमच्या विहिरीचे आहे, ते एप्रिल-मेमध्ये थोडे मचूळ लागते. आम्ही काय करावे?"

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

नव्या घराविषयी बोलण्याआधी न्हाणीघराविषयी सांगतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. ज्या स्लॅबचा एक तुकडा पडला, त्याचे आणखी तुकडे सुटायच्या बेतात असतात, आणि त्याखाली आपल्या वयोवृद्ध सासूबाई रोज स्नानाला जातात. त्यांची सोय आजच दुसरीकडे करावी, त्या स्लॅबवर पाण्याची टाकी असेल तर ती रिकामी करून खाली उतरवावी, आणि सेंट्रिंगवाल्यांकडून चार-सहा लोखंडी टेकू आणून, वर आडवी फळी देऊन, स्लॅबला आधार द्यावा. दुरुस्ती करायची की स्लॅब पाडायचा हे नंतर ठरवता येईल. त्याविषयी शेवटी लिहितो.

आता शेजारच्या पडवीत नेमके काय घडले ते पाहू, कारण ते एकदा समजले की ठेकेदारांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीचे मोल आपले आपल्यालाच करता येईल. समुद्राच्या हवेतले मीठ घराच्या काँक्रीटचे फारसे काही बिघडवत नाही. ते काँक्रीटमधले लोखंड खाते. चांगले, घट्ट काँक्रीट अल्कधर्मी असते, त्याचा सामू साडेबाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, आणि एवढ्या सामूत शिगेवर डोळ्यांना न दिसणारा एक संरक्षक थर धरतो, ज्यामुळे ती ओलाव्यातही वर्षानुवर्षे गंजत नाही. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, भिंतींवर आणि स्लॅबच्या खालच्या बाजूला बसतात, आणि त्यांतले क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत झिरपत जाते. ते पुरेशा प्रमाणात शिगेपर्यंत पोहोचले की हा थर ठिकठिकाणी फुटतो आणि गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोनपटीपासून सहापटीपर्यंत भरते. ओल्या लाकडात पाचर ठोकावी तसा तो काँक्रीटला आतून फोडतो. आधी शिगेच्या रेषेत केसासारखी चीर, मग तपकिरी डाग, मग पोपडा, अशा क्रमाने.

शेजाऱ्यांची गच्ची शाबूत आहे आणि पडवीचा खालचा भाग पडला, हे आपण पाहिले असेल आणि त्याचे आश्चर्यही वाटले असेल. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो, आणि जो पृष्ठभाग त्या पावसात उघडा असतो त्याच्यावरचे मीठ दरवर्षी बरेचसे धुऊन निघते. पडवीचा, छज्जाचा आणि बाल्कनीचा खालचा भाग, तसेच आडोशाला असलेला पश्चिमेकडचा बीम यांच्यावर खारा वारा पोहोचतो, पाऊस मात्र पोहोचत नाही. तिथे वर्षामागून वर्षे मीठ साचतच राहते. म्हणून नव्या घरात सर्वांत जास्त काळजी उन्हापावसात उभ्या असलेल्या भागाची नव्हे, तर सावलीतल्या कोरड्या भागाची घ्यायची आहे. बांधकामावर नेमके याच्या उलट होते, आणि ते मी इतक्या वेळा पाहिले आहे की हा मुद्दा मी हट्टाने मांडतो.

मीठ दोन वाटांनी येते. एक वाट हवेची, जी वर सांगितली. दुसरी वाट आपणच उघडून देतो, ती म्हणजे पाणी आणि रेती. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या भारतीय मानकात एक घनमीटर शिगायुक्त काँक्रीटमध्ये सर्व मार्गांनी मिळून ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड असू नये, अशी मर्यादा आहे, आणि मिश्रणाच्या पाण्यात ते दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असेही सांगितले आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. एक घनमीटर काँक्रीटला १६० लिटर पाणी धरले तर समुद्राच्या पाण्याने तीन किलो क्लोराइड आत जाईल, म्हणजे मर्यादेच्या पाचपट. आपल्या विहिरीचे पाणी एवढे खारे नाही, पण ते जिभेला मचूळ लागते याचा अर्थ त्यात क्लोराइड बहुधा २५० मिलिग्रॅमच्या वर गेलेले आहे. ते ५०० च्या अलीकडे आहे की पलीकडे, हे चवीवरून सांगता येत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत क्लोराइड मोजून मिळते. नमुना मात्र दिवाळीनंतरचा देऊ नये. त्या वेळी पावसाचे गोडे पाणी विहिरीत भरलेले असते आणि अहवाल चांगला येतो, पण स्लॅब ओतला जातो मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा पाण्याची पातळी उतरून खारेपणा वर आलेला असतो. यंदाच्या मे महिन्यातला नमुना देता आला तर तो द्यावा. निकाल ५०० च्या वर आला तर काँक्रीटसाठी आणि त्याला मारण्यासाठीही टँकरचे गोडे पाणी घ्यावे लागेल. पाण्याचा हा खर्च घराच्या एकूण खर्चापुढे किरकोळ आहे.

रेतीची गोष्ट पाण्यापेक्षा गंभीर आहे, कारण ती वजनाने कितीतरी जास्त असते. एक घनमीटर काँक्रीटमध्ये सातशे किलोच्या आसपास रेती जाते. शंभर किलो रेतीमागे फक्त शंभर ग्रॅम क्लोराइड असले, तरी एकट्या रेतीतून सातशे ग्रॅम आत गेले आणि बाकी काही मोजायच्या आधीच मर्यादा ओलांडली गेली. खाडीची रेती धुऊन वापरता येते, असे ठेकेदार सांगतील, आणि तत्त्वतः ते खरेही आहे. परंतु ढिगावर नळी धरणे म्हणजे धुणे नव्हे. वरचा थर धुतला जातो आणि तेच खारे पाणी ढिगाच्या तळाशी जाऊन बसते. माझा सल्ला स्पष्ट आहे: खाडीची किंवा पुळणीची रेती या घराच्या काँक्रीटला लावू नये, गिलाव्यालाही नाही. काळ्या दगडाची, चांगल्या क्रशरवरची धुतलेली क्रश सँड घ्यावी. आयएस ३८३ या मानकात दगड दळून केलेली वाळू मान्य आहे. तिच्यात भुकटी किती आहे ते मात्र पाहावे. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, चांगले हलवून तीन-चार तास स्थिर ठेवले की भुकटीचा थर वर वेगळा दिसतो. तो डोळ्यांत भरण्याइतका जाड असेल तर गाडी परत पाठवावी.

आता एकास दीड, तीन या प्रमाणाविषयी. आपल्याला वाटत असेल की त्यात सिमेंट कमी पडते. तसे नाही. या प्रमाणात दर घनमीटरला सुमारे आठ गोण्या सिमेंट जाते आणि तरीही ते एम २० प्रतीचेच काँक्रीट समजले जाते (एमपुढचा आकडा जितका मोठा, तितके काँक्रीट बळकट). मानकात एम २० च्या ठोकळ प्रमाणासाठी एका गोणीमागे ३० लिटर पाणी धरले आहे. प्रत्यक्ष कामावर मिक्सरवाला डब्याने त्याहून जास्त ओततो, कारण पातळ काँक्रीट पाटीतून सहज ओतले जाते आणि लवकर पसरते. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागते त्यापेक्षा जास्त असलेले पाणी पुढे उडून जाते आणि आपल्यामागे छिद्रे ठेवते. खारी हवा आत शिरते ती याच छिद्रांतून. किनाऱ्यावरच्या हवेला मानकात तीव्र परिस्थिती मानले आहे, आणि त्या परिस्थितीत शिगायुक्त काँक्रीट किमान एम ३० प्रतीचे, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो, आणि पाण्याचे सिमेंटशी वजनी प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ असावे, असे ठरवून दिले आहे. जिथे लाटांचे तुषार थेट अंगावर येतात तिथे एम ३५ सांगितले आहे. आपले घर माडांच्या मागे आहे, त्यामुळे एम ३० हा माझ्या मते तळ समजावा, त्याखाली उतरू नये. जवळच्या शहरातून तयार काँक्रीटची गाडी दोन तासांच्या आत पाखाडीपर्यंत पोहोचत असेल, तर एम ३५ मागवावे.

०.४५ म्हणजे पन्नास किलोच्या गोणीमागे साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही आले. शंभर किलो वाळूत पाच टक्के ओल असेल तर पाच लिटर पाणी मिक्सरमध्ये आधीच गेलेले असते. साडेबावीस लिटरचे काँक्रीट गवंड्यांना कोरडे वाटेल आणि ते कुरकुर करतील. त्यावर उपाय पाणी नसून सुपरप्लास्टिसायझर हे द्रवरूप रसायन आहे, जे गोणीमागे अल्प मात्रेत घातले असता तेवढ्याच पाण्यात काँक्रीट मऊ होते. एम २० च्या पुढे ठोकळ प्रमाण मानकाला मान्य नाही. आपल्या क्रशरची खडी, आपली वाळू आणि आपले सिमेंट घेऊन प्रयोगशाळेकडून मिश्रणाचे प्रमाण ठरवून घ्यावे लागते. शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे त्याची चौकशी करावी. त्या कागदावर गोणीमागे वाळू, खडी, पाणी आणि रसायन किती, हे किलो-लिटरमध्ये लिहिलेले असते. तो कागद मिक्सरशेजारी चिकटवावा आणि पाण्यासाठी खूण केलेली एकच बादली ठेवावी. आपण आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली आहे. स्लॅबच्या दिवशी त्या बादलीची हजेरी आपण स्वतः घ्यावी, ही माझी विनंती आहे.

सिमेंट पीपीसी (औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळलेले) किंवा स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) घ्यावे. राखेच्या किंवा स्लॅगच्या मिश्रणामुळे काँक्रीटची छिद्रे बारीक होतात आणि क्लोराइडची वाट अवघड होते. समुद्रकाठी सल्फेटरोधक सिमेंट चांगले, असे दुकानदार सांगतात, पण त्या सिमेंटात क्लोराइडला धरून ठेवणारा घटक मुद्दाम कमी केलेला असतो. म्हणून शिगा असलेल्या कामाला ते इथे वापरू नये.

आता ज्यासाठी हे सगळे लिहिले, त्या पावणेदोन इंचांकडे येतो. काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून सर्वांत जवळच्या लोखंडापर्यंत जे अंतर असते त्याला कव्हर म्हणतात. तीव्र परिस्थितीसाठी मानकाने ते ४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच सांगितले आहे. आपल्याकडच्या स्लॅबना बहुतेक वेळा २० मिलिमीटर धरले जाते, जे शहरातल्या बंद खोलीसाठी आहे, आणि प्रत्यक्षात तेही मिळत नाही, कारण शिगांखाली खडीचे किंवा फरशीचे तुकडे सरकवलेले असतात आणि काँक्रीट ओतताना माणसे वरून चालली की ते निसटतात. शीग मग सेंट्रिंगच्या पत्र्यावर टेकते. शेजारच्या पडवीत पडलेला थर किती जाडीचा आहे ते पट्टीने मोजून पाहावे. मला वाटते तो अर्धा-पाऊण इंचाच्या वर नसेल.

अंतर वाढल्याने मिळणारा काळ हा साध्या त्रैराशिकाने वाढत नाही, त्याहून खूप जास्त वाढतो. क्लोराइड काँक्रीटमध्ये ज्या रीतीने पसरते त्या रीतीत अंतर दुप्पट केले की काळ साधारण चौपट होतो. २० च्या जागी ४५ मिलिमीटर म्हणजे अंतर सव्वादोनपट, आणि काळ पाचपटीच्या आसपास. पंधरा वर्षांत जे घडले ते या एका फरकाने आपल्या नातवंडांच्या काळावर ढकलता येते, शर्त एवढीच की ते काँक्रीट घट्ट असावे. कोणतीही पावडर आणि कोणताही रंग एवढे काम करत नाही.

मात्र एक धोका सांगितलाच पाहिजे. ठेकेदारांना नुसते "कव्हर वाढवा" म्हटले आणि त्यांनी पाच इंची स्लॅबमध्ये शिगा तेवढ्या वर उचलल्या, तर स्लॅब कमजोर होईल, कारण शीग जितकी खाली तितके तिचे बळ जास्त. कव्हर वाढवले की स्लॅबची जाडीही वाढवावी लागते आणि शिगांचा हिशेब नव्याने करावा लागतो. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे. त्यांच्या नकाशावर प्रत्येक भागाचे कव्हर आकड्यात लिहून घ्यावे. खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: हजार चौरस फुटांचा स्लॅब १२५ ऐवजी १५० मिलिमीटर केला तर सुमारे २.३ घनमीटर काँक्रीट जास्त लागते, म्हणजे सतरा-अठरा गोण्या सिमेंट आणि त्याला लागणारी वाळू-खडी. जे कोटिंग आणि जी पावडर आपल्याला सुचवली आहे, त्यांचे पैसे आधी इथे घालावेत.

कव्हर ब्लॉक काँक्रीटचेच, घराच्या काँक्रीटइतक्या प्रतीचे, ४५ मिलिमीटरचे आणि तार बसवलेले असावेत. ते दर तीन फुटांवर शिगेला बांधावेत. कॉलम आणि बीममध्ये कव्हर मोजायचे ते मुख्य शिगांभोवती बांधलेल्या रिंगेपासून, मुख्य शिगेपासून नव्हे. फिटर लोक नेमके इथे चुकतात आणि रिंग पत्र्याला चिकटते. बांधणीच्या तारेची टोके आत वळवावीत. बाहेर राहिलेले एक टोकसुद्धा पृष्ठभागावर गंजाचा ठिपका आणते आणि मिठाला आत वाट दाखवते. गिलावा कव्हरमध्ये मोजू नये. छज्जा आणि बाल्कनीत मुख्य शिगा वरच्या बाजूला असतात. काँक्रीट ओतताना त्यांच्यावर पाय पडला की त्या खाली दबतात आणि छज्जाचे बळच जाते, म्हणून त्यांच्याखाली लोखंडी घोड्या ठेवाव्यात आणि चालण्यासाठी वेगळ्या फळ्या टाकाव्यात. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी इंजिनिअरांबरोबर आपण स्वतः टेप घेऊन दहा ठिकाणी कव्हर मोजावे. एका घराच्या वेळी, पाऊस तोंडावर आला आहे म्हणून, मी ही तपासणी दुसऱ्यावर सोपवली होती. नऊ वर्षांनी त्या घराच्या बाल्कनीखाली उभे राहून गंजलेल्या शिगा पाहताना मला जे वाटले ते अजून विसरलो नाही.

बांधायच्या शिगाही मिठापासून सांभाळाव्या लागतात. त्या आणून अंगणात वाळूवर टाकल्या आणि दोन महिने खाऱ्या वाऱ्यात राहू दिल्या, तर मीठ त्यांच्या अंगावरच बसते. काम सुरू होण्याच्या थोडेच आधी माल मागवावा, तो लाकडी ओंडक्यांवर ताडपत्रीखाली ठेवावा आणि बांधण्याआधी ब्रशने सुटा गंज काढून गोड्या पाण्याने धुवावा. हलका लालसरपणा राहिला तर चिंता नाही.

स्लॅबच्या दिवशी व्हायब्रेटर दोन असावेत, एक बंद पडला तर दुसरा हाताशी असावा. सेंट्रिंग काढल्यावर कुठे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी दिसली तर गवंडी लगेच सिमेंटचा घोळ फासून ती झाकतात; इंजिनिअरांनी पाहिल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नये, कारण त्या जागी कव्हर आहे असे वाटते पण नसते.

पाणी मारण्याविषयी मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. पीपीसी किंवा स्लॅग सिमेंट सावकाश घट्ट होते, म्हणून चौदा दिवस काँक्रीट सतत ओले राहिले पाहिजे. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणे म्हणजे ओले ठेवणे नव्हे. हिवाळ्यात रात्रीचा मतलई वारा कोरडा असतो आणि तो बाहेरचा इंचभर थर फार लवकर सुकवतो, आणि आपल्याला नेमका तोच थर वाचवायचा असतो. स्लॅबवर बांध घालून आळी करावी आणि पाणी साठवावे. कॉलम आणि बीमला ओली पोती गुंडाळून ती भिजलेली ठेवावीत. स्लॅबची खालची बाजू, जी समुद्राकडून आधी मार खाते, तिला सेंट्रिंग हेच पांघरूण असते, म्हणून पत्रे काढायची घाई करू नये. आणि हे सगळे पाणी गोडेच हवे. मचूळ पाणी मारले तर पाणी उडून जाते आणि मीठ पहिल्या पंधरवड्यातच कव्हरमध्ये जाऊन बसते.

कोटिंगच्या शिगा वाईट नसतात. पण कारखान्यात इपॉक्सी चढवलेली शीग कामावर वाकवताना, ओढताना आणि बांधताना खरचटते, आणि त्या बारीक ओरखड्यावर गंज एकवटून खोल जातो. प्रत्येक ओरखडा शोधून त्यावर दुरुस्तीचा लेप लावणारा फिटर आपल्याला मिळाला आणि वरची सगळी पथ्ये पाळूनही पैसे उरले, तर त्या जरूर घ्याव्यात. कामावर ब्रशने लावायचे लेप मात्र घेऊ नयेत. वॉटरप्रूफिंगची पावडर कमी पाण्याच्या काँक्रीटला फारशी लागत नाही आणि जास्त पाण्याच्या काँक्रीटला वाचवू शकत नाही.

एक विचार आपल्यापुढे ठेवतो. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग १६६४ साली बांधायला घेतला गेला आणि त्याचे तट आजही लाटा झेलतात. त्यांत चुना आणि दगड आहे, गंजणाऱ्या शिगांचे जाळे नाही. आपले जुने घरही वादळापर्यंत उभे होते ते चिऱ्यांवर. म्हणून नव्या घराच्या भिंती भार पेलणाऱ्या चिऱ्यांच्याच ठेवाव्यात, त्यांना जोत्याच्या, लिंटेलच्या आणि छपराच्या पातळीवर शिगांचे पट्टे द्यावेत, कारण १९६७ च्या भूकंपाचे कोयनानगर आपल्यापासून फार दूर नाही, आणि स्लॅब जिथे खरोखर हवा तिथेच घालावा. वादळाच्या आठवणीने आपल्याला संपूर्ण स्लॅब हवा असेल, तर ते मला समजते. अशा वेळी स्लॅबवर कौले घालून ती, पागोळी पडवीच्या बाहेर पडेल एवढी, पुढे आणावीत आणि छज्जाच्या कडेला खालून बोटभर रुंदीची खाच ठेवावी, म्हणजे पाणी खालच्या बाजूने आत ओघळणार नाही.

आणि गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या शिगा उघड्या सोडू नयेत. मुलगा पुढे मजला चढवेल म्हणून ठेवलेल्या त्या शिगा वीस वर्षे खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहतात आणि त्यांचा गंज खाली कॉलमच्या डोक्यात उतरतो. मजला नक्की नसेल तर त्या कापून वर पूर्ण कव्हर द्यावे. नक्की असेल तर त्यांच्याभोवती हलक्या काँक्रीटचा, पुढे फोडता येईल असा खांब ओतून ठेवावा.

आता न्हाणीघर. हातोडीने स्लॅब खालून ठोकून पाहिला तर जिथे आवाज बद्द येतो तिथे थर सुटलेला असतो. त्या जागा खडूने आखून घ्याव्यात. आखलेला भाग अर्ध्याहून जास्त निघाला, किंवा उघड्या शिगेचा व्यास व्हर्नियरने मोजल्यावर बराच घटलेला आढळला, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत आणि स्लॅब पाडून नवा घालावा. माझा अंदाज याच बाजूचा आहे. दुरुस्ती शक्य असेलच, तर सुटलेले काँक्रीट शिगेच्या मागे बोटभर खोलीपर्यंत काढावे लागते, शीग चकचकीत होईपर्यंत घासून गोड्या पाण्याने धुवावी लागते, झिजलेल्या जागी जोडशीग द्यावी लागते, मग जस्तयुक्त प्रायमर, जुन्या-नव्या थरांना जोडणारा लेप आणि पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने, आणि त्यालाही पाणी मारायचे. सुटलेल्या जागेपुरते ठिगळ लावले तर त्या ठिगळाच्या कडेच्या जुन्या, खाऱ्या काँक्रीटमधली शीग आधीपेक्षा वेगाने गंजते आणि दोन-तीन पावसाळ्यांत शेजारचा तुकडा पडतो. वरून नुसता गिलावा चढवणे तर सर्वांत घातक, कारण पडणारे वजन वाढते आणि आतली चीर दिसेनाशी होते.

न्हाणीघर नव्याने करायचे ठरलेच, तर ते घराच्या आधी, याच हिवाळ्यात करून घ्यावे, आणि त्याच्या छोट्या स्लॅबवर ठेकेदारांकडून साडेबावीस लिटरची बादली, ४५ मिलिमीटरचे ब्लॉक आणि चौदा दिवसांची पोती हे सगळे एकदा करवून घ्यावे. त्या कामाचे १५० मिलिमीटरचे सहा क्यूब (काँक्रीटचे घनाकृती नमुने) भरून तीन सातव्या दिवशी आणि तीन अठ्ठाविसाव्या दिवशी प्रयोगशाळेत तपासावेत. अहवाल हाती आला की मोठ्या घराचा करार करावा, आणि त्यात ही मापे आकड्यांत लिहावीत.